कविता लिहिते, निदर्शनांना जाते. पोरीचं पुढं काय?

एका वडिलांचं पत्र आलंय. नाव छापत नाही. मजकूर थोडक्यात असा:

‘आम्ही प्रयाग चिखलीचे. थोडा ऊस, चार म्हशी. मुलगी बारावी सायन्सला, रोज एसटीनं कोल्हापूरला येऊन-जाऊन. दहावीला चांगले मार्क होते म्हणून मेडिकलच्या नीट परीक्षेच्या क्लासची फी भरली. पण तिचं लक्ष कवितेत. महापूर, पंचगंगेचं प्रदूषण, हवामान बदल यावरच लिहिते. पावसाळाभर बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते वहीत लिहीत बसते, अभ्यास सोडून. दसरा चौकात कॉलेजच्या पोरांनी निदर्शनं केली, तिथं माईकवर कविता म्हटली. आता म्हणते नीट देणार नाही, हवामानाच्याच कामात जाणार. कवितेनं पोट भरतं का? पोलीस केस झाली तर? फेब्रुवारीत मुंबईला युवा शिबिर आहे, पाठवावं का? पोरीच्या दोन कविता सोबत जोडल्या आहेत.’

दादा, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. कवितेनं पोट भरत नाही, मराठीत तर नाहीच. संमेलनाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, गाडीभाडं मिळालं तर नशीब. पहिला संग्रह काढताना बऱ्याचदा कवीच स्वतःच्या खिशात हात घालतो. आपल्याकडचे बहुतेक कवी मास्तर, प्राध्यापक, कारकून नाहीतर कामगार म्हणून जगले आणि उरलेल्या वेळात लिहिते राहिले. तेव्हा ‘कविता की करिअर’ हे भांडण घरात लावू नका. तुमच्या मुलीनं ते लावलेलंच नाही. तिनं नीट नको म्हटलंय आणि हवामानाचं काम हवं म्हटलंय. कविता तिनं जन्मभर लिहावी, पगार दुसरीकडून घ्यावा.

आता त्या दोन कविता. पहिली मी बाजूला ठेवली. धरणीमाता रडते, वृक्ष टाहो फोडतात, माणूस आंधळा झाला. पर्यावरण दिनाला शाळाशाळांच्या फळ्यावर हेच असतं. दुसरी २०२१ च्या पुरावर आहे. तिच्यातल्या चार ओळी इथं देते:

बाबांनी दावी कापली,
म्हशी वळून वळून बघत ऱ्हायल्या.
राजारामला बेचाळीस,
आमचा उंबरा अजून कोरडा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पुराच्या दिवसांत आपल्याकडं माणसं ‘काय, बरं हाय का’च्या आधी ‘किती फूट झालं?’ विचारतात. पोरगी बरोबर बेचाळीसवर थांबते. पुढचा एक फूट ती लिहीतच नाही, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही ओळ तिला सुचली, कारण ती आकडे पाहत होती. ज्या वहीची तुम्ही तक्रार केलीत, त्याच वहीतून ही कविता आली आहे. आणि मला विचाराल तर तिचं करिअरही त्याच वहीत आहे.

त्या वहीमागं केवढा अभ्यास आहे ते बघा. २०१९ ला राजारामची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, दोनच वर्षांनी पाणी पुन्हा त्याच्या आसपास आलं आणि शिरोलीजवळ महामार्ग दोन्ही वेळा बंद पडला. का? एक कारण पावसाचं. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी जवळपास तिप्पट झाली, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासात २०१७ साली दिसून आलं. पण सगळं खापर पावसावर फोडता येत नाही. धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, नदीच्या पात्रालगत किती भराव पडले, निळ्या रेषेच्या आत किती बांधकामं उभी राहिली, हेही आलंच. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. २०१९ नंतर राज्य सरकारनं पुराच्या अभ्यासासाठी वडनेरे समिती नेमली आणि तिनं अहवालही दिला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून आपल्याकडं चहाच्या टपरीवर हमरीतुमरी होते, पण अहवाल उघडून बघितलेला माणूस मला क्वचितच भेटतो. मुलीला तो वाचायला सांगा. वाचून कंटाळली तर हे क्षेत्र तिचं नाही. चिडून, पानांच्या कडेला पेन्सिलीनं भांडत वाचला तर आहे.

तिनं बारावीला गणित ठेवलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. नीटच्या नादात आपल्याकडं पोरं गणित सोडून मोकळी होतात. गणित असेल तर हवामानशास्त्राची वाट मोकळी आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश त्यांच्या वेगळ्या परीक्षेतून होतो आणि नीटसाठी केलेला फिजिक्स-केमिस्ट्रीचा अभ्यास तिथं वाया जात नाही. किंवा इथंच फिजिक्समधून बीएस्सी करून पुणे विद्यापीठाच्या वातावरण विज्ञान विभागात एमएस्सीला जाता येतं. पाटबंधारे खात्यात जायचं मनात असेल तर सिव्हिल इंजिनिअरिंग. गणित नसेल तर बीएस्सी करून शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, किंवा पदवीनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं शिक्षण. पत्रकारितेचं मी मुद्दाम शेवटी लिहितेय. शिवाजी विद्यापीठात तो विभाग आहे, पण एवढं लिहिणाऱ्या पोरीला लिहायला शिकवण्यात वर्षं घालवू नयेत. आधी विषय शिकावा.

माझा स्वतःचा कल मात्र कायद्याकडं आहे. पोरगी माईकवर घाबरत नाही आणि नोंदी ठेवते. हे दोन्ही गुण एका माणसात सहसा सापडत नाहीत. पाच वर्षांच्या कायद्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, राज्याची सीईटी द्यावी लागते आणि कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज आहे. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा घटनात्मक हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय. या कामाला माणसं लागणार आहेत. वकिलीतली पहिली काही वर्षं हाताला फारसं लागत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. पोरीला तेवढा काळ घरातून आधार देता येईल का, याचा हिशेब नवरा-बायकोनं मिळून करा. स्वयंसेवी संस्थांतल्या बऱ्याच नोकऱ्याही प्रकल्प असेपर्यंतच असतात.

तिला दोन गोष्टी वाचून दाखवा. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांची कॅथी जेटनिल-किजिनर ही कवयित्री. समुद्र वाढत चाललाय आणि तिची बेटं पाण्यापासून जेमतेम काही फूट उंच. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत जगभरच्या नेत्यांसमोर तिनं आपल्या तान्ह्या मुलीला उद्देशून लिहिलेली कविता म्हटली. पण तिनं पॅसिफिक बेटांच्या अभ्यासात एमए केलंय, कॉलेजात शिकवलंय, तरुणांची संस्था उभी केलीय, आणि पुढं ती आपल्या देशाची हवामान दूत झाली. दुसरी गोष्ट वानुआतू या तिकडच्याच बेटांच्या देशाची. तिथं शिकणाऱ्या पॅसिफिकमधल्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ठरवलं, की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. सरकारांच्या मागं लागून लागून त्यांनी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव करवून घेतला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं आपलं मत दिलं. घोषणा त्यांनीही दिल्या असतील. सहा वर्षं पुरली ती मात्र कागदपत्रं.

पोलीस केसची भीती मी उडवून लावणार नाही. सरकारी नोकरीला चारित्र्य पडताळणी असते, पासपोर्टलाही पोलिसांचा शेरा लागतो. २०२१ मध्ये बंगळूरच्या एका तरुण कार्यकर्तीला शेतकरी आंदोलनाच्या ‘टूलकिट’ नावाच्या ऑनलाइन कागदावरून अटक झाली होती. पुरावा तोकडा आहे म्हणत न्यायालयानं जामीन दिला, पण कोठडीतले दिवस तिला काढावेच लागले. म्हणून घरात नियम ठरवा: पोलिसांची लेखी परवानगी असेल तिथंच जायचं, जमावबंदीचा आदेश असेल त्या दिवशी घरी बसायचं, रस्ता अडवायचा नाही, न वाचलेला मेसेज पुढं ढकलायचा नाही. दसरा चौकात सकाळी परवानगी काढून उभं राहणाऱ्या आणि दुपारी घरी जाणाऱ्या पोरांवर सहसा काही होत नाही. परवानगीचा अर्ज एकदा तिलाच लिहू द्या. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आली की बरंच काही शिकेल.

नीटची फी गेली ती गेली. तिच्यासाठी पोरीचं वर्ष घालवू नका. बोर्डाला चांगले मार्क हवेत, ही अट मात्र जरूर घाला. वरच्या बहुतेक वाटांवर ते लागतातच.

राहिलं मुंबईचं शिबिर. फेब्रुवारीत बोर्ड आहे, पाठवू नका. शिबिरं पुन्हा होतील. परीक्षा आणि सीईटी संपल्या की तसलंच दुसरं शोधून स्वतः तिकीट काढून द्या. आणि नाही म्हणताना बोर्डाची तारीख सांगा. ‘पोरीच्या जातीनं एवढ्या लांब’ असं एक वाक्य पत्राच्या शेवटी आहे. ते आजीनं घालायला लावलेलं दिसतं. ते तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका, तारखेचं कारण तिला पटेल.