खेळ फक्त लहान मुलांसाठीच असतो का? मोठ्यांना त्याचा खरंच उपयोग होतो का?

हो, मोठ्यांनाही होतो. फक्त वयानुसार फायदा बदलतो. लहानपणी मूल खेळातूनच स्वतःला आवरायला शिकतं: लपाछपीत दम धरून बसणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर रडारड न करता पुन्हा डाव मांडणं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2018 साली डॉक्टरांनी खेळ 'लिहून द्यावा' असं सुचवलं होतं. प्रौढांना जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. व्यायामाचा कंटाळा करणारा माणूस बॅडमिंटनला मात्र आपणहून जातो, आणि माझ्या मते मोठ्यांसाठी खेळाचं खरं मोल यातच आहे. 65 नंतर पडण्याचा धोका वाढतो, म्हणून तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली आठवड्यातून किमान 3 दिवस हव्यात. पत्ते, बुद्धिबळ वगैरे बैठ्या खेळांबाबत मात्र जपून बोलावं. 2003 च्या एका अमेरिकी अभ्यासात असे खेळ खेळणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण खेळामुळे तो टळला, की ज्यांची बुद्धी शाबूत होती तेच खेळत राहिले, हे त्यावरून ठरत नाही.