लशीची तारीख रडत नाही

प्रश्न : डॉक्टर, माझ्या धाकट्या बहिणीला चार महिन्यांचा मुलगा आहे. आधी ही इतकी टापटीप की आम्ही चिडवायचो, आणि आता बाळाच्या लशीची तारीख दोनदा चुकली, परवा त्याला जुलाब लागले तर दोन दिवस कोणाला बोललीच नाही. विचारलं की "हो, राहिलंच" म्हणते आणि परत गप्प. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. आई म्हणते आळस आहे, जबाबदारी नको. मला आधी बाळाची काळजी वाटते, तिचं नंतर बघू. बाळासाठी काय काय करू?
– एक मोठी बहीण

उत्तर : ताई, "तिचं नंतर बघू" इथेच गाडी अडलीये. तुम्ही बाळाच्या म्हणून ज्या तक्रारी लिहिल्यात ना, त्या बहुतेक तिच्या आजाराच्या खुणा आहेत. न बघता निदान करणार नाही मी, पण बाळ झोपलेलं असताना पण झोप न येणं, विसरणं, गप्प होणं हे सगळं एकत्र आलं की मी तरी आळस हा शब्द वापरत नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, हे खूप जणींना होतं, ते बेबी ब्लूज, साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातं. चार महिने झाले तरी आहे म्हणजे प्रकरण वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे बाळंत झालेल्या १०० पैकी साधारण १३ बायकांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि विकसनशील देशांत तर हे प्रमाण २० च्या आसपास आहे, म्हणजे तुमची बहीण काही जगावेगळी नाही.

आता लस का चुकते ते सांगते. बाळ रडलं की डिप्रेशनमधली आई पण उठते, कशीबशी उठते पण उठते. लशीची तारीख रडत नाही. वजन वाढत नाहीये ते रडत नाही, लघवी कमी झाली ते ओरडून सांगत नाही. आजार होऊ नये म्हणून जे करायचं असतं ते सगळं लक्षात ठेवून, आधीपासून ठरवून करायचं काम, आणि डिप्रेशन नेमकं तेच खातं. म्हणून तर अभ्यासात असं दिसतं की अशा आयांच्या मुलांच्या ठरलेल्या तपासण्या चुकतात आणि इमर्जन्सीच्या फेऱ्या वाढतात. अंगावर पाजणं लवकर सुटणं, बाळाला पाठीवर झोपवायचं राहून जाणं, गरीब देशांत वारंवार जुलाब आणि खुंटलेली वाढ, यांचाही संबंध सापडलाय.

आणि हे उलट पण चालतं, तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, २००८ मध्ये छापून आला. गावातल्या आरोग्यसेविकांना थोडं ट्रेनिंग दिलं, त्यांनी घरी जाऊन डिप्रेशनमधल्या आयांशी ठरावीक पद्धतीने बोलायचं, बस. ज्यांच्याशी असं बोललं नव्हतं त्या आयांच्या तुलनेत सहा महिन्यांनी डिप्रेशन निम्म्याहून कमी जणींमध्ये उरलं होतं, आणि पुढे त्यांच्या बाळांना जुलाब कमी झाले, लसीकरण जास्त झालं. बाळांना वेगळं औषध काही दिलं नव्हतं हो!

म्हणून आता काय करायचं तर तारखांचं काम तिच्या डोक्यातून काढून तुमच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये टाका, आठवण करून देऊ नका, सोबत जा. चुकलेल्या लशी सहसा पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत, राहिल्या तिथून पुढे चालू होतात, पण रोटाव्हायरससारख्या (जुलाबाच्या) लशीला बऱ्याच ठिकाणी वयाची मर्यादा असते म्हणून याच आठवड्यात जा. जुलाब अजून चालू असतील तर आजच दाखवा, अंगावर पाजत असेल तर ते थांबवायचं नाही, ओआरएस किती ते डॉक्टर सांगतील. आणि लशीला गेलात की तिथेच सांगा की आईची पण तपासणी करा. डिप्रेशन आहे का ते बघायला एडिनबर्ग स्केल म्हणून १० प्रश्नांचा कागद असतो, १९८७ पासून वापरात आहे, मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, पाच मिनिटांचं काम. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडून पण असंच थकल्यासारखं होतं. रात्रीची एक वेळ दुसऱ्या कोणीतरी सांभाळून तिला सलग चार-पाच तास झोपू द्या.

एक प्रश्न मात्र तुम्ही स्वतः विचारा, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट मोकळं होतं माणूस. उत्तर हो आलं, किंवा ती भलतंच बोलायला लागली, कानात आवाज येतात म्हणाली, तर एकटीला सोडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि तुमच्या आईंना सांगा, आळशी माणूस छान झोपतो.

प्रश्न : मुलगी सात आठवड्यांची आहे, अंगावर पिते. मला डिप्रेशनवर सर्ट्रालिन नावाचं औषध लिहून दिलंय पण दुधातून जाईल या भीतीने दोन आठवडे पाकीट उघडलंच नाही. नवरा म्हणतो मन खंबीर कर.

उत्तर : सर्ट्रालिन दुधात फार म्हणजे फारच कमी उतरतं, म्हणूनच पाजणाऱ्या आयांना डॉक्टर बहुतेक वेळा हेच देतात. न घेतलेली गोळी बाळासाठी सेफ असं धरून चाललात तुम्ही, पण उपचार न केलेलं डिप्रेशन पण बाळापर्यंत पोचतंच की. मुलगी वेळेआधी जन्मलेली असेल, किंवा तुम्हाला किंवा घरात कोणाला बायपोलरचा त्रास (कधी अती उत्साह, कधी डिप्रेशन) असेल तर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा. गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या चार दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद पण करू नका. मुलगी फार गुंगीत वाटली, नीट पीत नसेल तर फोन करा. नवऱ्याला पुढच्या व्हिजिटला घेऊन जा, आणि त्यांना पण विचारा कसं चाललंय, साधारण दहातल्या एका बापाला पण हा त्रास होतो, फक्त तो बोलत नाही.

प्रश्न : मुलगा ३ वर्षांचा आहे. त्याचं पहिलं वर्ष मी डिप्रेशनमध्ये काढलं, आता बरी आहे. कायमचं नुकसान झालं असेल का?

उत्तर : धोका वाढतो म्हणजे नुकसान झालंच असं नाही. अमेरिकेत २००६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ७ ते १७ वर्षांची मुलं होती, आया डिप्रेशनमधून बऱ्या झाल्या तशी मुलांची मानसिक त्रासाची लक्षणं पण कमी होत गेली, तुमचा तर अजून तीनच वर्षांचा आहे. अपराधीपणात अजून एक वर्ष घालवू नका. त्यापेक्षा लसीकरणाचं कार्ड काढा, त्या वर्षातलं काय राहिलंय बघा, वजन-उंची मोजून घ्या, दात आणि कान तपासून घ्या, तो किती शब्द जोडून बोलतो ते डॉक्टरांना सांगा. आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत मागच्या वेळचं सांगून टाका.