जीवघेणे जंतू नुसते जवळ ठेवणं हा भारतात गुन्हा आहे का?

तुम्ही विचारलंय की भारतात जैविक शस्त्रांविरुद्ध कायदा आहे का, आणि कोणी वाईट हेतूने जंतू मिळवून घरात ठेवले तर पोलीस तेव्हाच पकडू शकतात की कोणी मरेपर्यंत थांबायचं. कायदा आहे, २००५ चा, सामूहिक संहाराच्या शस्त्रांविरुद्धचा (WMD कायदा), आणि कोणी मरायची वाट बघावी लागत नाही. मी आधी मायक्रोबायोलॉजी शिकलो आणि मग लॉ केलं, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

आधी एक जुनी केस सांगतो, तिचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. २६ नोव्हेंबर १९३३ ला हावडा स्टेशनवर पाकूरच्या जमीनदार घराण्यातला अमरेंद्र पांडे गाडी पकडायला चालला होता, गर्दीत एक माणूस त्याला घासून गेला आणि दंडात काहीतरी टोचलं. आठ-दहा दिवसांत तो गेला, आणि रक्तात प्लेगचे जंतू सापडले. इस्टेटीसाठी सावत्र भाऊ बिनयेंद्र आणि त्याचा डॉक्टर साथीदार तारानाथ यांनी हे केलं होतं. त्यांनी आधी परळच्या हाफकिन संस्थेकडे प्लेगचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जिवंत जंतू, मागितलं, तिथे वरून परवानगी आणा म्हणून सांगितलं, मग प्लेगवर औषध शोधलंय त्याची चाचणी करायचीय असं सांगून तारानाथ आर्थर रोडच्या साथरोगांच्या हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या कस्तुरबात शिरला. खटला चालला तो खून आणि कटाचा, दोघांना फाशी झाली, कलकत्ता हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. पण हे सगळं अमरेंद्र गेल्यानंतर. कट सिद्ध करता आला असता तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्लेगची बाटली खिशात असणं हा तेव्हा जैविक शस्त्राचा गुन्हा नव्हताच.

अमेरिकेतही तेच. १९८४ मध्ये पुण्याहून ओरेगॉनला गेलेल्या रजनीश पंथातल्या काही जणांनी द डॅलेस गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला, म्हणजे अन्नातून विषबाधा करणारा जंतू, मिसळला, स्थानिक निवडणुकीत मतदारच आजारी पडावेत म्हणून. ७५१ लोक आजारी पडले. तेव्हा तिथे जैविक शस्त्रांचा फौजदारी कायदाच नव्हता म्हणून पंथाचा कारभार बघणाऱ्या मा आनंद शीलावर ग्राहकांच्या वस्तूंशी छेडछाड केल्याचं कलम लागलं, खास कायदा आला १९९० मध्ये.

आपण जैविक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९७४ मध्येच मान्यता दिली होती. पण करार सरकारांना बांधतो, त्यावरून गल्लीतल्या माणसाला जेलमध्ये टाकता येत नाही, त्यासाठी देशाचा कायदा लागतो आणि तो यायला २००५ उजाडलं, तेही २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा, प्रत्येक देशाने असा कायदा करावा असं सांगणारा, १५४० क्रमांकाचा ठराव आल्यावर. एवढा उशीर मला अजिबात पटत नाही.

आता कायद्यात काय आहे. कलम ८ प्रमाणे जैविक शस्त्र बनवणं, मिळवणं, जवळ बाळगणं, विकसित करणं, त्याची ने-आण करणं, सगळं गुन्हा आहे, शिक्षा कमीत कमी ५ वर्षं ते जन्मठेप, वर दंड. भारतीय नागरिकाने परदेशात केलं तरी लागू. २०२२ च्या दुरुस्तीने पैसा पुरवणाऱ्यालाही आत घेतलंय. दहशतवादासाठी असेल तर यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, वेगळा लागतोच.

खरी मेख व्याख्येत आहे. त्यात जंतूंची नावांची यादी नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा शांततेच्या कामासाठी समर्थन करता येणार नाही अशा प्रकारचे आणि एवढ्या प्रमाणातले जंतू किंवा विषं, ती जैविक शस्त्रं. मला ही व्याख्या योग्य वाटते, कारण ज्या प्लेगने अमरेंद्रला मारलं त्याच प्लेगवर शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत लस काढली होती, जंतूवरच बंदी घातली तर लस कोण बनवणार? पण कोर्टात हे सिद्ध करणं सोपं नाही, आणि केंद्र सरकारची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी असल्याशिवाय कोर्ट अशा गुन्ह्याची दखलच घेत नाही.

तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल आणि प्रोजेक्टच्या कल्चरमुळे विचारत असाल तर घाबरू नका, फक्त ते संस्थेच्या लॅबमध्येच ठेवा, जैवसुरक्षा समितीची लेखी परवानगी घ्या आणि स्टॉकची नोंद रोजच्या रोज ठेवा, कारण कोणी विचारलंच तर तुमचा हेतू त्या नोंदींवरूनच दाखवता येईल.