लष्कर ते मुरार, जानेवारीत, हॅमस्टरसह

ताई, सोमवारी सकाळी साडेआठला हॅमस्टरला स्कूटीवर घालून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून मुरारला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणताय. दोन्ही बदला, वेळही आणि स्कूटीही. ग्वाल्हेरचं धुकं जानेवारीत कधीकधी अकरापर्यंत हटत नाही. दुपारी बाराची वेळ मागा. फोनवरच विचारून घ्या की ते हॅमस्टर बघतात ना. पुष्कळ ठिकाणी गाय-म्हैस आणि कुत्रा यांपलीकडे कोणी बघत नाही.

स्कूटी नको ती वाऱ्यामुळे. एवढ्याशा जिवाचं अंग वजनाच्या मानानं मोठं, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. पडदे सोडलेली ऑटो घ्या, डबा मांडीवर.

आमची पहिली चूक सांगते. आमच्या शंकरपाळीला (रंगावरून नाव) नेताना मी गरम पाण्याची पिशवी डब्याच्या आतच ठेवली आणि वरून पॉलिथिन गुंडाळलं. पडावाच्या पुलापर्यंत आतून दव धरलं, पिशवीही पाझरली. ओला हॅमस्टर थंडीत सुक्यापेक्षा फार लवकर गारठतो. आता मी कडक प्लास्टिकचा, भोकांचा छोटा डबा घेते (पुठ्ठा तो कुरतडतो). आत बिनवासाच्या टिश्यूच्या पट्ट्या भरपूर, आणि मूठभर त्याच्या पिंजऱ्यातलंच जुनं अंथरूण, म्हणजे ओळखीचा वास राहतो. कापूस मात्र अजिबात नाही, त्याचे धागे पायांना गुंडाळतात. कोमट पाण्याची बाटली जाड मोज्यात घालून डब्याच्या बाहेर, एकाच बाजूला. नको झालं तर त्याला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. वरून जुनी शाल, पण एक बाजू उघडी. त्याची पिण्याच्या पाण्याची बाटली काढून टाका, हिसक्यांनी गळते. काकडीची एक फोड पुरे.

आता महत्त्वाचं. उतरल्यावर तो गार, गोळा झालेला, हलत नाही असा दिसला तर रडायला लागू नका, आणि घरच्यांना तर पुरायला मुळीच देऊ नका! हवा 5 अंशांच्या आसपास उतरली, दिवस लहान झाले, खाणं कमी पडलं की हॅमस्टर सुप्तावस्थेत जाऊ शकतो. श्वास इतका संथ होतो की मिनिटभर बघत राहिलात तरी कळणार नाही, मिशा मात्र हलतात. हातांच्या ओंजळीत, स्वेटरच्या आत धरून हळूहळू ऊब द्या, अर्धा-एक तास लागतो. हेअर ड्रायर, हीटरसमोर धरणं, गरम पाणी, काहीही नको. जागा झाला की पाणी आणि थोडं खाणं द्या, आणि डॉक्टरांना हे सांगाच.

दवाखान्यात डबा जमिनीवर ठेवू नका, फरशी बर्फासारखी असते आणि बाजूला एखादा कुत्रा हुंगत येतो. परतताना मोज्यातल्या बाटलीतलं पाणी तिथेच बदलून घ्या. मी थर्मास नेते, तेवढ्यात आपला चहाही होतो.