‘मी’ सोडायचा की जपायचा?

प्रश्न : ताई, माझं वय 44, मुलं आता कॉलेजात आहेत, मला परत नोकरी करायचीय. घरात विषय काढला की सासूबाई म्हणतात एवढी प्रवचनं ऐकतेस तरी तुझं मी-मी सुटत नाही. समुपदेशक मॅडम म्हणतात आधी स्वतःचा विचार करायला शिका. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, दोघी दोन वेगळ्या ‘मी’बद्दल बोलतायत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 मध्येच ही फोड केली होती, एक ‘मी’ जाणणारा, आणि दुसरा ज्याच्याबद्दल आपण बोलतो तो, म्हणजे शरीर, घरदार, लोकांतली ओळख वगैरे. अध्यात्म म्हणतं या दुसऱ्यालाच खरा धरून बसू नका, पण त्याचे व्यवहार बंद करा असं कुठं म्हणतं? अद्वैत शिकवणारे निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान होतं, संसार होता, आणि गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी सांगितलं म्हणून ‘मी आहे’ या जाणिवेवर लक्ष धरून असायचे. दुकान चालवलं म्हणून त्यांना कुणी अहंकारी म्हणत नाही, मग सुनेने नोकरीचं नाव काढलं की तेवढा अहंकार कसा होतो? मला याचा खरंच राग येतो, कारण हे अध्यात्म नाही, बाईला गप्प बसवणं आहे.

मॅडमचंही मात्र सगळं जसंच्या तसं घेऊ नका. 1991 मध्ये हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की अमेरिकेत माणूस स्वतःला इतरांपासून सुटा बघतो आणि जपानसारख्या समाजात नात्यांच्या आत बघतो, आपल्याकडेही बरंचसं तसंच आहे, त्यामुळे मुलांची आई असण्यात तुम्हाला आनंद वाटत असेल तर तुमच्यात काही कमी आहे असं अजिबात नाही.

1954 पासून मानसशास्त्रात एक साधी टेस्ट आहे, ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं लिहायची. घरी करून बघा. आई, सून, बायको येणारच, ते खोडू नका, पण तुमच्या आवडीचं, तुमच्या कामाचं एकही उत्तर आलं नाही तर तो कागद मॅडमना दाखवा आणि घरातल्या प्रवचनाच्या टोमण्यांबद्दलही सांगा, बऱ्याच जणी ते तिथं बोलतच नाहीत. अर्ज मात्र तोवर थांबवू नका, आणि मिस्टरांशी एकदा निवांत बोला, सासूबाईंसमोर नको.