ग्राफिक्स कार्ड आधी की प्रोसेसर, आणि हप्त्यावर घ्यायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पीसीत रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे, साठवलेल्या पैशात एकच पार्ट येतो, मित्र म्हणतो कार्डच घे, आणि तुमच्या मनात आहे की प्रोसेसर रोखीनं घ्यावा आणि कार्ड बारा हप्त्यांवर.

आधी हप्त्याचं बोलतो, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटली. तुम्हीच लिहिलंय की अडीअडचणीसाठी जेमतेम एका महिन्याचा खर्च बाजूला आहे. अशात गेमिंगसाठी हप्ता अजिबात लावून घेऊ नका. पुढच्या पिढीचं कार्ड आलं की जुन्याचा भाव साधारणपणे उतरतो, तुम्ही मात्र जुन्याच किमतीवर व्याज भरत राहता, आणि मध्येच पगार थांबला तर कार्ड विकूनही उरलेले हप्ते फिटतील याची खात्री नाही. म्हणजे आत्ता एकच पार्ट, तोही रोखीनं.

आता कुठला ते. तुम्ही आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि गोळीबार सुरू झाला की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ८५ वर येतात आणि तेव्हा जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या चिपचा, वापर ५५-६० टक्केच दिसतो, म्हणजे कार्ड रिकामं बसलंय, प्रोसेसरची वाट बघतंय. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४५ टक्केच दिसतो म्हणून प्रोसेसर ठीक आहे असं तुम्हाला वाटलं, पण तिथेच बरेच जण फसतात, कारण तो आकडा बारा थ्रेडची (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामाच्या रांगांची) सरासरी आहे, गेमचा मुख्य भार प्रोसेसरमधल्या एक-दोन कोअरवरच (स्वतंत्र काम करणाऱ्या भागांवरच) पडतो, ते पूर्ण भरले तरी सरासरी कमीच दिसते. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन ७२०पी करून तोच मॅप खेळा, एफपीएस वाढलेच नाहीत तर कार्डाचा काही दोष नाही. सायबरपंक २०७७ मध्ये उलट आहे, तिथे जीपीयू ९८ टक्के, कार्डच कमी पडतंय. पण ते तुम्ही कधीतरी सुट्टीच्या दिवशी खेळता आणि रोज संध्याकाळी काउंटर-स्ट्राइक. पैसे रोजच्या वापरावर घाला.

अजून एक, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये रॅमचा स्पीड २१३३ दिसतोय आणि स्टिक तर ३२०० च्या आहेत. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायचं सेटिंग) बंद राहिलंय. ते आजच चालू करा, रायझनमध्ये आतल्या जोडणीचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो त्यामुळे फरक जाणवायला हवा, आणि यात पैसा लागत नाही. मग आठवडाभर खेळून बघा, तेवढ्यावर समाधान झालं तर खरेदी पुढे ढकला, मला त्याचा आनंदच होईल.

नाहीच झालं तर माझं मत प्रोसेसरच. मुख्य कारण हे की तुमच्या बोर्डावर हा खर्च एका पार्टवर थांबतो. एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) तोच, डीडीआर४ रॅम तीच, फक्त आधी बायोस अपडेट करावं लागेल. एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं म्हटलं तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही नवीन, तो मोह आत्ता नको. तुमच्या ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६-१६ अशी दोन भागात आहे, याच सॉकेटच्या रायझन ५ ५६०० मध्ये ती सलग ३२ आणि रायझन ७ ५७००एक्स३डी मध्ये ९६ एमबी, अशा गेममध्ये ही कॅश फार कामाला येते. ५७००एक्स३डी बजेटमध्ये बसला तर तो, नाहीतर ५६०० घ्या, ओढाताण करू नका.

सेकंड हँड प्रोसेसर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, त्यामुळे खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागा आणि एक जरी पिन वाकडी दिसली तरी सोडून द्या. सेकंड हँड कार्डाबाबत मी जास्त सावध राहीन, पंखे झिजलेले असू शकतात आणि आधी किती ताबडलंय ते बाहेरून कळत नाही.

कार्डाचे पैसे तीन महिन्यांच्या खर्चाची तरतूद झाल्यावर साठवायला घ्या. तेव्हा ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचं बघू नका आणि पॉवर सप्लाय आधी तपासा, १६६० सुपर १२५ वॅटचं आहे, आरटीएक्स ३०६० ला १७० लागतात तर ४०६० ला ११५ च, म्हणजे कार्ड नीट निवडलं तर सप्लाय बदलायचा खर्च वाचू शकतो. आणि जुना ३६०० विकायची घाई करू नका, नवीन प्रोसेसर आठ-पंधरा दिवस नीट चालला की मगच विका आणि ते पैसे थेट अडचणीच्या खात्यात टाका.