लहान मुलांना शरीराच्या सुरक्षिततेबद्दल कोणत्या वयात आणि कसे सांगावे?

आपली मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला 'गुड टच, बॅड टच' आताच शिकवावे की शाळेत जाईपर्यंत थांबावे, असे आपण विचारले आहे. कृपया थांबू नका. मी बालवाडीत शिकवते; तीन वर्षांच्या मुलालाही हे कळते, मात्र ते एकदा समोर बसवून सांगण्यापेक्षा आंघोळ घालताना, कपडे बदलताना सहज बोलण्यात यायला हवे.

अवयवांना त्यांची खरी नावे द्या. 'शूची जागा' किंवा घरातला एखादा लाडका शब्दच मुलाला ठाऊक असेल, तर ते बाहेर कोणाला काही सांगू लागले तरी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थच लागत नाही.

'वाईट स्पर्श' हा शब्द मी वर्गात वापरत नाही. अत्याचार करणारा पुष्कळदा खाऊ देऊन, लाड करत, गुदगुल्या करत जवळ येतो. तो स्पर्श मुलाला त्या वेळी वाईट वाटतोच असे नाही, आणि मग आपलेच काही चुकले या समजुतीने ते गप्प राहते. त्याऐवजी मी नियम सांगते: झाकलेल्या अवयवांना स्वच्छतेसाठी आईबाबा आणि ते समोर असताना तपासणारे डॉक्टर यांच्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही, कोणी स्वतःच्या अवयवांना हात लावायला सांगितले तरी लावायचा नाही, आणि 'आईला सांगू नकोस' असे कोणीही म्हटले की तेच आईला आधी सांगायचे.

सर्वांत अवघड भाग घरातल्या मोठ्यांचा आहे. 'काकांना पापी दे' म्हटल्यावर मूल मागे सरकते आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले आढळले होते. घरच्यांपुढे ज्या मुलाचा नकार कधी चाललाच नाही, त्याने बाहेर तो ठामपणे द्यावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. सासूबाई नाराज होतील, हे मी जाणते. तरी 'ती नमस्कार करेल' एवढे आपणच शांतपणे म्हणावे.

मुलीने कधी काही सांगितलेच, तर उलटतपासणी घेऊ नका आणि तिच्यासमोर रडू नका. 'सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही' असे म्हणा. १०९८ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, मुलाचा जबाब त्याच्या घरीही घेता येतो आणि तो घेणारे अधिकारी गणवेशात नसावेत, अशी त्यात तरतूद आहे.